जमना सुईणीचा अंगठा

बोईसरहून तारापूरला जाणारा रस्ता मधेच सोडून ताडांच्या रांगेमागं वळलं की जमनाचा पाडा लागतो. जमना जातीनं वारली, धंद्यानं सुईण. आसपासच्या पाच-सात गावांतली अर्धी माणसं पहिल्यांदा रडली ती हिच्याच हातात. दुसरी सुईण नाळ कापून घरी जाते. जमना मात्र पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीचं दार सोडत नसे. पाचव्या दिवशी देवीपुढं तांदूळ मांडायचे, बाळाला त्यापुढं ठेवायचं, मगच उठायचं. "पाचवी झाली नाय त पोर आपलं कसं म्हनाचं?" असा तिचा सवाल.

अशा बाईनं जन्मात एक मोठी चूक केली, ती याच हाताच्या अंगठ्यानं.

चौसष्ट साली तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं, रस्त्याला ट्रक धावू लागले, आणि त्या गर्दीत बन्सी नावाचा दलालही आला. मनोरच्या बाजारात पोरांना जिलेबी वाटायचा. पाड्यावरच्या चिमीची पोर नवसी, तिला मुंबईत साहेबाच्या घरी ठेवतो म्हणाला. सकाळी बाळ खेळवायचं, दुपारी शाळा. चिमी कचरत होती. जमनानंच तिला भरीला घातलं. "जाऊ दे गो, चार अक्षरं शिकल." कागदावर साक्षीचा अंगठाही तिनंच उठवला. त्या कागदात दहा वर्षांच्या पोरीचं वय सोळा लिहिलं होतं, आणि पोर राजीखुशीनं जाते असंही. वाचणार कोण? साहेब नव्हताच. बाळही नव्हतं. पोर विकली गेली होती.

दोन वर्षांनी पोलिसांनी तिला मुंबईच्या एका बंद खोलीतून सोडवून आणलं. पाड्यावर आली ती भिंतीला पाठ लावून बसायची. दार वाजलं की दचकायची. पंधरा दिवसांनी जमनाकडं बघून पहिलं धड वाक्य बोलली.

"आजी, त्या कागदात काय लिवलंय तां मला वाचता आलं असतां, त मी ट्रकात चढलीच नसती. मला शालंत घाल."

जमना तशीच उठली आणि नवसीला घेऊन गावच्या शाळेत गेली.

हेडमास्तर टेबलाशी, आणि बाजूच्या खुर्चीत शाळा समितीचा अध्यक्ष नरहरीशेठ, भाताच्या गिरणीचा मालक. पोरीबरोबर कोर्टाचे कागद आले होते, बन्सीचा तो कागदही त्यातच; ते हेडमास्तरांनी उलटले.

"हिचं वय अठरा भरतं, जमना."

"बारा हाय, मास्तर. मीच काढली तिला."

"दोन वर्षांपूर्वी सोळा, आता अठरा. आणि साक्षीदार कोण? हा बघ, तुझाच अंगठा. अठरा वर्षांची बाई पहिलीत कशी बसवू? नियमात बसत नाही."

"नियम ऱ्हाऊ दे," नरहरीशेठ तंबाखू मळत म्हणाला. "शाळंत आमच्या पोरी बसतात. बाजारातनं आलेली बाई त्यांच्यात घालता?"

"बाजारात ती गेली नाय, शेठ. तिला नेली." जमनाचा आवाज चढला. "नेनारा मनोरला परत जिलेबी वाटत फिरतो. त्याचं वय कोनी इचारलं? हिचंच बरं इचारता!"

पण कागदापुढं तिचं काही चालेना. पोरीचा हात धरून ती बाहेर पडली. अंगठा तिचा, खोटं त्या मेल्याचं, आणि शिक्षा पोरीला! ओसरीवर येते तो काय, शाळेचा शिपाई मारुती पालथा पडलेला, आणि सहावीतली नलू, नरहरीशेठची पोर, त्याच्या कमरेवर पाय देतेय. नलू पायाळू. उसण भरली की सगळा गाव तिच्याकडून लाथ खाऊन जायचा.

"हळू गो बाय, मोडशील मला!" मारुती कण्हला.

जमना नलूच्या त्या पायाकडं बघत राहिली. मग गर्रकन वळली आणि पुन्हा टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मास्तर, तुझा बुक काढ. नलूचा जन्म वाच."

हेडमास्तरांनी शेठकडं बघितलं, पण जमना हलेना. शेवटी रजिस्टर उघडलं. "चौदा मे, एकोणीसशे चोपन्न."

"त नवसी हिच्याहून चार दिवसांनी मोठी. मी चिमीच्या दारात पाचवी मांडली होती. तवा शेठची गाडी आली, 'पोर पायांनी येतंय, चल.' पाचवीचे तांदूळ मुठीत तसेच घेऊन आली मी."

"खोटं हाय!" शेठ उठलाच. "पालघरची नर्स आलती. सगळ्या गावाला म्हायत हाय."

गावाला माहीत होतं खरं, कारण शेठनंच तसं सांगत फिरवलं होतं. आपली बायको वारलिणीच्या हातून बाळंत झाली म्हणायला त्याची जीभ जड. तो हात पोटच्या पोरीला चालला, नाव मात्र चालेना!

कोणी न सांगता नलू पळाली आणि समोरच्या घरातून आईला घेऊन आली. नर्मदाबाई पदर सावरत दारात थांबली. शेठनं डोळे वटारले. हेडमास्तरांनी चाचरत विचारलं.

"नर्स आलती," ती म्हणाली. शेठ खुर्चीत टेकला. "सांजचं आली. तवा नलू दूध पिऊन निजलीती. पोरीला पायांनी सोडवली ती जमनानं. मुठीतले तांदूळ माझ्या उशाशी ठेवले तिनं. म्हनाली, चिमीच्या पोरीची पाचवी अर्धी टाकून आलेय, बाय."

"घरात जा तू!"

"जाते. बारा वर्सं गप ऱ्हायले, आता बोलून जाते." आणि ती गेली.

शेठही पाय आपटत तिच्यामागं गेला. हेडमास्तरांनी आता स्वतःचं रजिस्टर तरी खोटं म्हणायचं, नाहीतर पोरीला बारा वर्षांची तरी लिहायचं. त्यांनी दाखल्याचा कागद काढला आणि नाव, गाव, वय भरलं.

"पहिलीत. मागं दाराजवळ बसेल."

"दाराजवल नाय. दाराला दचकते ती. फल्याजवल, भिंतीशी बसव."

"बरं. आणि आईऐवजी पालक म्हणून इथं तूच कर अंगठा." त्यांनी शाईची गादी पुढं सरकवली.

जमनानं हात पदराखाली घेतला.

"काय लिवलंय तां वाच पयलं."

"अगं, दाखलाच आहे—"

"वाच."

हेडमास्तरांनी वाचलं. नवसी पुढं सरकून टेबलाला टेकली, आणि त्यांचं बोट ज्या अक्षरावरून फिरत होतं तिकडं बघू लागली.

"वय परत वाच," जमना म्हणाली.

"बारा."

मग तिनं अंगठा शाईत बुडवला.