जेवताना फोन नाही

माझा भाऊ बंद दारं उघडायचा. कुणाची चावी हरवली, कुणाची आत राहिली, की लोक आमच्या दुकानात फोन करायचे आणि हा पिशवी खांद्याला लावून निघायचा. बाजारात त्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत सातवीपुढे गेला नाही, पण कुलपासमोर बसला की चेहरा असा करतो, जणू त्या कुलपाने गृहपाठ केलेला नाही.

दुकान एवढंसं आहे की आतल्या दोघांनी एकदम वळायचं ठरवलं तर एकाला रस्त्यावर जावं लागेल. मागच्या भिंतीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, कोपऱ्यात चावी कापायचं मशीन आणि काउंटरवर मी. मी त्याची मोठी बहीण. माझे यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून इथेच आहे. फोन मी घेते, गिऱ्हाइकांशी मी बोलते, भांडायची वेळ आली तर तेही मीच करते. भाऊ मऊ आहे. आईने सगळा तिखटपणा माझ्याच वाटणीला घातला.

दुकानाचे दोन नियम. एक आमच्या वडिलांचा. दार उघडलं की आपण बाजूला व्हायचं, पाठ फिरवायची, मालकाने आधी आत जायचं. लोकांच्या घरात काय पसरलंय ते बघायला आपल्याला बोलावलेलं नसतं. दुसरा नियम माझा. जेवताना फोन नाही. हा माणूस अर्धा डबा टाकून पळायचा आणि मग संध्याकाळी पोट धरून बसायचा. डॉक्टरांनी झापलं तेव्हापासून डबा उघडला की फोन माझ्या ताब्यात. तुमचं दार वीस मिनिटं उशिरा उघडलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही, असं मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायचे.

चार महिन्यांपूर्वी एका बाईंचा फोन आला. वडील एकटे राहतात, आतून दार लावलंय, हाका मारल्या तरी उघडत नाहीत. भाऊ गेला. दार उघडलं. पण त्या बाई उंबऱ्यावरच मटकन बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही बघा. तेव्हा वडिलांचा नियम मोडून हा आत गेला. म्हातारे गृहस्थ खुर्चीशेजारी जमिनीवर पडलेले होते. गेलेले होते. मला त्याने एवढंच सांगितलं, तेही चपला काढता काढता. मग हातपाय धुऊन मशीनसमोर बसला आणि तीन चाव्या कापल्या. तिन्ही चुकीच्या.

मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. मेलेलं माणूस बघितलं की कुणालाही धक्का बसतो. पण आठवड्याने भावजय दुकानात आली, पदराने कपाळ पुसत म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा बोला यांच्याशी. यांनी घरातल्या सगळ्या कड्या काढल्यात."

"कसल्या कड्या?"

"आतल्या. बेडरूमची, मागच्या दाराची. न्हाणीघराचीसुद्धा. मी आंघोळ करताना गाणं म्हणते, म्हणजे कुणी आत येऊ नये. आजवर जन्मात कधी गायले नव्हते."

मी हसले. तीही हसली. आणि मग ती माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली, तेव्हा मला कळलं की हे साधं नाही.

त्यानंतर दार उघडायचं एकही काम त्याने घेतलं नाही. फोन आला की मान हलवायचा आणि मला नाही म्हणायला लावायचा. कुणी आतून लावायची कडी मागायला आलं की सरळ सांगायचा, आम्ही ठेवत नाही. आणि कड्यांचा आख्खा खोका त्याच्या पायाशी. डबा तसाच परत जायचा. पिशवी खुंटीला टांगलेली, तिच्यावर धूळ बसली तरी हा तिच्याकडे बघेना. एकदा समोरच्या कापडवाल्याचं शटर अडकलं, तो आत होता, आतून थापा मारत होता. मास्तर जागचा हलला नाही. शेवटी कापडवाल्याला कुणीतरी पहारीने सोडवलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बाकी दुकान गेलं चुलीत. मला माझा भाऊ परत हवा होता.

मग सुरू झाली शोधाशोध. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एका चिठ्ठीवर कुणा समुपदेशकाचा नंबर लिहून दिला. फोन लावला तर तो नंबर अस्तित्वात नव्हता. मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने संगणकात बघून अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी म्हटलं, "बाई, अकरा आठवड्यांत तो एक तर बरा होईल, नाही तर मी तरी आडवी होईन." ती म्हणाली, "मग तारीख रद्द करू का?" मी कपाळाला हात लावला आणि तारीख घेतली.

मावसभावाने त्याच्या ओळखीचे एक सांगितले. लोकांना मार्गदर्शन करतात म्हणे. त्यांच्या घरी गेलो. गृहस्थ निवृत्त, झब्बा कडक इस्त्रीचा. तासभर बोलले. सकाळी लवकर उठा, चांगले विचार करा, आरशात बघून हसा. माझा भाऊ त्या सगळ्या वेळात त्यांच्या दाराच्या लॅचकडे बघत होता. निघताना त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तिका दिली. घरी येताना मी ती बसथांब्याच्या बाकावर विसरले, आणि विसरले म्हणजे काय, मुद्दामच विसरले.

भाचीने मोबाइलवर एक समुपदेशक जोडून दिला. पडद्यावर कुणीतरी दिसायचं, बोलायचं, ऐकायचं. मास्तर पडद्यासमोर पाच मिनिटं बसला आणि त्या भल्या माणसाला म्हणाला, "तुमचा आवाज तुटतोय." आवाज व्यवस्थित येत होता. मी शेजारीच होते.

शेवटी जिचा पत्ता मिळाला ती आमच्या दुकानापासून तीन गल्ल्यांवर निघाली. आरोग्य केंद्रात मी रक्तदाब मोजायला गेले होते, तिथे फळ्यावर एक कागद लावलेला. समुपदेशन, दर गुरुवारी, मागची खोली. दोन महिने मी सगळीकडे वणवण केली आणि बाई इथे बसलेली. मला इतका राग आला की नर्सने रक्तदाब पुन्हा मोजला.

गुरुवारी त्याला जवळपास ओढतच नेलं. खोली छोटी, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, खिडकीत पाण्याची बाटली. बाई चाळिशीच्या, आवाज हळू, केस कसेतरी बांधलेले. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"मी सांगते ना काय झालंय ते. तो नाही सांगायचा."

"मग नाही सांगणार. तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेरच्या बाकावर बसले. दहा मिनिटांत आतून कानशीचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. मी उठून डोकावले. मास्तर गुडघ्यावर बसलेला, खोलीचं दार बंद होऊन पुन्हा आपोआप उघडत होतं म्हणून त्याची पट्टी घासत होता. कानस खिशात कशी आली देव जाणे. बाई खुर्चीत शांत बसलेल्या.

पुढच्या गुरुवारी त्याने कपाटाचं कुलूप खोललं. त्याच्या पुढच्या गुरुवारी खिडकीची खिटी. तिसऱ्या वेळी माझा संयम सुटला. भाऊ बाहेर पडल्यावर मी आत घुसले.

"बाई, तुम्ही त्याचं मन दुरुस्त करताय की तुमची खोली?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हात कामात असले की ते बोलतात."

"बोलतो? काय बोलतो?"

"ते मी सांगणार नाही."

"अहो, मी त्याची सख्खी बहीण. त्याला कडेवर घेऊन वाढवलंय मी."

"हो. तरी नाही. आत बोललेलं आतच राहतं, ताई. ते घरच्यांनाही सांगत नाही. म्हणूनच माणसं बोलतात."

माझा नुसता तिळपापड झाला. घरी जाऊन भावजयीजवळ मनसोक्त बोलले त्या बाईला. भावजयीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, काल यांनी आख्खा डबा संपवला."

सातव्या की आठव्या गुरुवारी तो बाहेर आला तो डोळे लाल करून. माझ्या शेजारी बाकावर बसला. समोर लसीच्या रांगेत बाळं रडत होती. त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, "सांगायचं नसेल तर नको सांगू."

"ती कडी मीच बसवली होती, ताई," तो म्हणाला.

म्हातारे गृहस्थ आदल्या वर्षी दुकानात आले होते म्हणे. चोरांची भीती वाटते, आतून भक्कम काहीतरी लावून द्या. याने सगळ्यात जाड कडी नेली, लांब खिळ्यांनी ठोकली, आणि वर ऐटीत म्हणाला, आता मी स्वतः आलो तरी मला अर्धा तास लागेल, काका. दोघे त्यावर हसले. गृहस्थांनी त्याला चहा पाजला.

"अर्धा नाही, चाळीस मिनिटं लागली. आतून पहिल्यांदा आवाज येत होता. काहीतरी घासल्यासारखा. मग येईना. आत गेलो, हात धरला, तर हात गरम होता गं. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळच झालाय जाऊन. मी एवढी चांगली कडी लावली नसती तर ते वाचले असते."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो लहान होता तेव्हा ताप आला की फिरवायचे, तसा.

"बाईंनी काय सांगितलं?"

"काही सांगत नाहीत त्या. विचारतात. आज म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत ते पहिल्यापासून सांगा. सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, यातलं बरोबर केलेलं काहीच नाही का? मी लई विचार केला." त्याने बाहीने नाक पुसलं. "एक आहे. फोन आला तसा मी निघालो. दीड वाजता फोन, दीड वाजता मी गाडीवर. एक क्षण दवडला नाही. ते तरी माझ्या हातून बरोबर झालं. बाई म्हणाल्या, तेवढं धरून ठेवा."

तो हसला. चार-पाच महिन्यांत मी त्याचं हसू बघितलं नव्हतं.

"कापडवाल्याची बायको कपाट अडकलंय म्हणत होती ना?" तो उठत म्हणाला. "बघून येतो. पिशवी दुकानातच आहे ना?"

"खुंटीला आहे," मी म्हटलं. "जा तू. मी येते मागून."

तो फाटकातून बाहेर पडून दिसेनासा होईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. मग उठले आणि मागच्या खोलीत गेले. बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी दार लावलं. आता ते नीट लागतं, आपोआप उघडत नाही.

"आज काय?" बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं असणार, पुन्हा भांडायला आले.

"तुम्ही म्हणाला होतात, आत बोललेलं आतच राहतं. घरच्यांनाही सांगत नाही."

"नाही सांगत."

"माझ्या भावालासुद्धा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांनासुद्धा नाही. बसा, ताई."

मी त्याच्याच खुर्चीत बसले. हात कुठे ठेवायचे ते कळेना. मला कानस चालवता येत नाही.

"तो जेवत होता," मी म्हटलं. "फोन एक वाजून दहा मिनिटांनी आला होता."