अध्यक्षांची पोटफुगी

हसा, पण चहाचा कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता.

तर, चांगला धडधाकट माणूस मारला मी! विष घालून नाही, सुरा खुपसून नाही. एसटीडी बूथवरून, फोनवर मारला! बरं, मारला तो मारला, वर त्याच्याच शोकसभेत भाषण ठोकलं. आता बोला!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ओतूरजवळच्या एका हायस्कूलात मी नववी-दहावीला पशुसंवर्धन शिकवायचो. नोकरी तात्पुरती. जूनमध्ये ऑर्डर, एप्रिलमध्ये नारळ. पुन्हा जूनमध्ये ऑर्डर. सासरे दर दिवाळीला विचारायचे, "जावईबापू, झाला का कायम?" आणि मी दर दिवाळीला करंजी तोंडात कोंबायचो.

मला कायम करणं एकाच माणसाच्या हातात होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पांढरी टोपी, पांढरी जीप. शाळेला काही द्यायचं तर फोटोग्राफर सोबत घेऊन यायचे. एकदा त्यांनी शाळेला बैल दिला. प्रात्यक्षिकासाठी! हारतुरे, भाषण, पेपरात फोटो. खरी गोष्ट अशी की बैल होता जर्सी. वशिंड नाही, मानेवर जू टिकत नाही, औताला चालत नाही. बेल्ह्याच्या बाजारात दोनदा नेला, दोनदा परत आला. मग शिक्षणाच्या कामी लावला. आमच्याकडे असं बरंच काही शिक्षणाच्या कामी लागतं. मी स्वतः कसा लागलो, ते विचारू नका.

पोरांनी बैलाचं नाव ठेवलं 'अध्यक्ष'. का? तर दिवसभर खातो, काम काही नाही, आणि कुणी हटकायची सोय नाही. सुरुवातीला मी रागावलो. महिन्याभरात मीच म्हणायला लागलो, "अरे, अध्यक्षांना पाणी दाखवा." अध्यक्ष म्हटल्यावर एकेरीत कसं बोलणार? 'अध्यक्ष बसलेत', 'अध्यक्ष रवंथ करतायत', असं सगळं आदरानं चालायचं. जनावरांच्या डॉक्टरांनाही ते नाव ठाऊक होतं, आणि ते पोट धरून हसायचे. मुख्याध्यापकांना मात्र ठाऊक नव्हतं. ते गोठ्याकडे फिरकायचेच नाहीत. त्यांना शेणाचा वास सोसत नसे. शेतकऱ्याचा मुलगा, बरं का!

तर एका सकाळी मला हुक्की आली. धडा होता 'हिरव्या चाऱ्याचे महत्त्व'. पोरांना सांगितलं, येताना प्रत्येकानं लसूणघासाची एकेक पेंढी आणा. आणल्या! दवानं ओलेचिंब घास, ढीगच्या ढीग. गोठ्यातच वर्ग भरवला आणि मी ढिगाकडे पाठ करून फळ्यावर प्रथिनं लिहीत राहिलो. 'घास किती पौष्टिक' हे मला रंगवून सांगायचं होतं, आणि माझ्या पाठीमागे अध्यक्षांना ते आधीच पटलं होतं.

"सर," रंजना नावाची दहावीतली पोरगी ओरडली, "अध्यक्ष पडले!"

वळून बघतो तर बैल आडवा. डावी कूस फुगून नगारा! पोटफुगी. आणि पोटफुगीचा धडा होता पुढच्या आठवड्यात!

मी धावत सुटलो तो स्टँडजवळच्या शब्बीरभाईंच्या एसटीडी बूथवर. बाजाराचा दिवस, मागे ही रांग. डॉक्टरांना फोन लागला आणि मी किंचाळलो:

"डॉक्टर, घात झाला! अध्यक्ष पडलेत! ...पडलेत म्हणजे आडवे! पोट टम्म फुगलंय, तोंडाला फेस! ...काय खाल्लं? घास! घासावर घास, थांबायचं नावच नाही! त्यांची सवय तुम्हाला माहितीच आहे! ...काय? कुशीत सुई खुपसू? मी? नको हो, गेले तर माझी नोकरी जाईल! ...तेल? अर्धा लिटर गोडेतेल? बरं, चार जण मिळून जबडा उघडतो आणि पाजतो!"

फोन आपटला आणि पळालो. मागे रांगेत किती शांतता होती, हे तेव्हा कुठे लक्षात यायला!

तेल पाजलं, पोरांनी कूस चोळली. तासाभरानं अध्यक्षांनी असा ढेकर दिला की शेजारच्या वर्गातले खडू खाली पडले. उठले, शेपटी हलवली, आणि उरलेल्या घासाकडे बघायला लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

इकडे बाजारात काय झालं, ते मला नंतर कळलं. कुणीतरी अध्यक्षांच्या घरी जाऊन आलं. घराला कुलूप! "पुण्याला नेलं वाटतं." ते नवरा-बायको गेले होते पुण्याला, लेकीकडे, मजेत. पण ऐकतो कोण? मोबाईल तेव्हा कुणाकडे होते? दुकानात पोचेपर्यंत अध्यक्ष "लई सीरियस" झाले, भाजीबाजारात "काय खरं न्हाय", आणि शाळेच्या फाटकात शिरताना "पुण्याच्या वाटंवर, पेठच्या घाटातच गेले वं!"

शाळेची घंटा घणघणली. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून थेट गोठ्यात आले.

"सर, आपले अध्यक्ष गेले!"

आता तुम्ही म्हणाल, गाढवा, तुला तिथंच कळायला नको? कसं कळेल? बैल माझ्यासमोर उभा होता, रवंथ करत! म्हणजे गेले ते खरे अध्यक्ष, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. डोळ्यांपुढे सासरे आले.

शोकसभा लगेच भरली. आमच्याकडे इतर कुठलंही काम इतक्या झटपट होत नाही. मोठ्या खुर्चीत उपाध्यक्ष बसले होते. डोळ्याला उपरणं लावलेलं, पण खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले. मुख्याध्यापक म्हणाले, साहेबांची शेवटची इच्छा होती की शाळेला नवी इमारत व्हावी आणि मुख्याध्यापकांना मुदतवाढ मिळावी. क्लार्क म्हणाला, साहेबांनी माझ्या मेव्हण्याला शिपाई म्हणून घ्यायचा शब्द दिला होता. मेलेल्या माणसाचे शब्द रवंथासारखे वर येत होते!

मग मी तरी का मागं राहू?

उठलो. साहेबांच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडले. म्हणालो, "परवाच साहेब गोठ्यात आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तर, तुमाला कायम केल्याबिगर मी डोळं मिटणार न्हाय!" इथे मी हुंदका दिला. "साहेब गेले, शब्द राहिला. तो आता उपाध्यक्षांनी पुरा करावा."

उपाध्यक्षांनी मान हलवली! हलवली हो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली! पण ती हलायची थांबेना. नजर माझ्या मागं, दाराकडे, आणि मान नुसती लटलट.

मी वळलो. दारात अध्यक्ष. पांढरी टोपी, एका हातात पुण्याच्या बाकरवडीचा पुडा.

पहिले हलले उपाध्यक्ष. खुर्ची अशी सोडली, जणू तिच्याखाली इंगळीच निघाली!

"कोन म्हनलं मी मेलो?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज शांत. तोच वाईट.

शब्बीरभाई बिचारे मागे उभे होते, हार घेऊन. "मास्तर खुद्द फोनवर बोलत व्हते साहेब. माझ्याच बूथवरनं. डॉक्टरला."

"कुठल्या डॉक्टरला?"

"जनावरांच्या," मी म्हणालो.

"मला जनावरांचा डॉक्टर?"

"तुम्हाला नाही साहेब, बैलाला. बैलाचं पोट फुगलं होतं."

"मग माझं नाव का घेतलं?"

पोरं खाली मान घालून गदगदत होती. मी म्हणालो, "आपण दिलेला बैल... म्हणून पोरांनी आदरानं..."

अध्यक्षांनी एकदा पोरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चक्क हसले. पुडा टेबलावर ठेवला, त्यांच्याच फोटोला घातलेला हार काढून बाजूला केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. या खेपेला खरा.

"मास्तर, मी दाराशी उभा ऱ्हाऊन सगळं ऐकलं. तुमाला कायम केल्याबिगर मी डोळं मिटणार न्हाय, आसं म्हनलो मी?"

"तसंच काहीसं, साहेब..."

"मग तुमाला कायम करंल त्यो येडा! आपल्या हातानं आपलं मरान कोन वढवून घेईल, राव?"

शब्दाला पक्का माणूस! तात्पुरता म्हणून लागलो होतो, तात्पुरता म्हणूनच रिटायर झालो. आणि अध्यक्ष? नव्वदी ओलांडली, दात शाबूत, रोज सकाळी गावच्या मांडवी नदीच्या पुलापर्यंत फेरी. परवा मी गुडघे धरत काठी टेकत चाललो होतो, तर मागून येऊन तरातरा पुढे निघून गेले. जाता जाता हात वर केला आणि ओरडले,

"मास्तर, तुमचं लई उपकार बरं का!"