गाडीचं तोंड घराकडे

वाहरू गाडी उभी करायचा ती तोंड घराकडे करूनच. तळोद्याचा बाजार असो, कुणाचं लग्न असो की मयत, आधी गाडी वळवायची आणि मग खाली पाय ठेवायचा. जागा अपुरी असली, मागचे हॉर्न वाजवत असले, तरी त्यात फरक पडत नसे. धडगाव ते तळोदा, चांदसैलीच्या घाटातून त्याची क्रूझर प्रवासी घेऊन वर-खाली चाले. रस्त्यावरचे बाकीचे ड्रायव्हर हसत. "वाहरूची गाडी म्हणजे बैल आहे, गोठ्याकडेच बघते," म्हणत. तो त्यांच्याकडे लक्ष देत नसे. किल्ली तो करदोड्याला बांधायचा, शर्टाच्या आत, पोटाला टेकलेली. झोपेतसुद्धा तिचा गारवा लागला की त्याला बरं वाटे.

दुसऱ्याच्या गाडीत तो बसत नसे. एकदा पोटात असह्य दुखायला लागलं तेव्हा एका हाताने पोट दाबून आणि दुसऱ्याने स्टिअरिंग धरून तो स्वतःच दवाखान्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले, मेला असतास. वाहरू म्हणाला, पण माझ्या गाडीत.

हे असं का, ते त्याच्या आईला ठाऊक होतं. ठुमली तिचं नाव. घरात सगळे तिला याहा म्हणत, म्हणजे आई. नातसुद्धा तेच म्हणे.

वाहरू लहान असताना दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक डोंगरात आला होता. बायका, माणसं, पोरं, कोंबड्या, सगळ्यांना भरून तो गुजरातेत ऊसतोडीला घेऊन गेला. होळीच्या आधी परत आणून सोडतो, असं मुकादम म्हणाला होता. वाहरूचा बाप त्या वर्षी काठी गावच्या होळीत नाचायचा नवस बोलला होता. मोरपिसांचा टोप, कमरेला बांधायचे वाळके भोपळे, सगळं घराच्या आढ्याला टांगून ठेवून तो निघाला होता. होळी जवळ आली तशी तोडीवरच्या सगळ्यांनी गाठोडी बांधली आणि रस्त्याच्या कडेला येऊन बसले. लांबून धूळ उडाली की सगळे उठून उभे राहत. दूध नेणारी गाडी निघे, नाहीतर वीटभट्टीचा ट्रॅक्टर. मग पुन्हा खाली बसत. होळीच्या रात्री बाप तिथेच रस्त्यावर बसून होता, डोंगर ज्या दिशेला असायला हवेत तिकडे बघत. ट्रक आला तेव्हा घरच्या होळीची राखही उडून गेली होती.

पुढच्या पावसाळ्यात बाप गेला. लोक म्हणाले, नवस मोडला. वाहरूचं मत वेगळं होतं. नवस कुणी मोडला नव्हता, ट्रक आला नव्हता.

त्यामुळे नाताळच्या सुटीत सहलीला जायचं ठरलं तेव्हा वाहरूने आधी विचारलं ते एवढंच, "जाणार कशात?"

ठरवलं होतं वीरसिंगने. हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आश्रमशाळेत मास्तर. अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत एक नवीन पार्क झालं होतं. झुले, खोटे धबधबे, सिमेंटचे हत्ती, डोंगराभोवती फिरणारी छोटी रेल्वे. वाहरूच्या मुलीने, सोनमने, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर इतक्या वेळा पाहिले होते की तिला तिथल्या वाटा पाठ झाल्या होत्या.

"तुमच्याच गाडीत, दाजी," वीरसिंग म्हणाला. "तुम्ही चालवायची, आम्ही गाणी म्हणायची."

ते वाहरूला पटलं. पुढची गोष्ट वीरसिंगने मुद्दामच सांगितली नव्हती.

ती कळली पार्कच्या वाहनतळावर पोचल्यावर. शेताएवढं मोठं मैदान, त्यात चुन्याने आखलेल्या रेघा. वाहरूने सवयीप्रमाणे गाडी वळवून लावली. शिट्टी वाजवत गणवेशातला एक पोरगेलासा गुजराती पहारेकरी धावत आला.

"काका, उलटी क्यों लगाई? मुँह अंदर करो."

"तोंड बाहेरच राहील," वाहरू म्हणाला.

"सबकी गाडी देखो!"

"सगळ्यांनी चुकीची लावली आहे."

पहारेकऱ्याने वीरसिंगकडे पाहिलं. वीरसिंगने डोळ्यांनीच त्याला जाऊ दे म्हटलं. मग पोरगा पुढचं बोलला. इथून पार्क लांब आहे, खासगी गाड्या आत जात नाहीत. पार्कच्या बसेस सारख्या ये-जा करतात, त्यात बसायचं. "तिकीट में बस फ्री है, काका."

वाहरूच्या मानेवरची शीर ताठ झाली. कोकिळाला, त्याच्या बायकोला, ती ओळखीची होती. तिने सोनमचा हात धरला.

"फुकट?" वाहरूने विचारलं.

"एकदम फ्री."

"फुकट नेणारा परत कशाला आणेल?"

तेवढ्यात एक बस आली. लांबलचक, अंगभर चित्रं चिकटवलेली. एका बसवर वाघ, मागच्या बसवर मोर. काचांवरूनही ती चित्रं गेली होती, त्यामुळे आत कोण बसलंय ते बाहेरून दिसत नव्हतं. वाहरू बसभोवती एक चक्कर मारून आला. ज्या गाडीतली माणसं बाहेरून दिसत नाहीत, ती गाडी कुणी आणि कशासाठी बनवली असेल, याचा तो विचार करू लागला.

"मास्तर," तो मेहुण्याला म्हणाला, "हे तुला ठाऊक होतं."

"दाजी, ठाऊक असतं तर..."

"ठाऊक होतं."

"होतं," वीरसिंग म्हणाला. "सांगितलं असतं तर आला असतात का?"

सोनमने फक्त बसकडे बघितलं आणि मग बापाकडे. वाहरूला ते बघणं सहन झालं नाही. "तुम्ही जा," तो म्हणाला. "मी गाडीपाशी थांबतो. कुणीतरी गाडीपाशी पाहिजे. याहा पण थांबेल."

पण याहा आधीच बसच्या पायरीपाशी जाऊन उभी होती. काखेत गाठोडं होतं, त्यात भाकरी आणि गोधडी. एका दिवसाच्या सहलीला गोधडी कशाला, म्हणून सकाळी सगळे हसले होते.

"याहा, तू?" वाहरूचा आवाज चिरकला. "तू चढणार यात?"

"बघू तर खरं," ठुमली म्हणाली आणि कठड्याला धरून आत गेली. मोराची बस होती ती.

बस वळणाआड गेली आणि वाहरू आपल्या गाडीच्या सावलीत उकिडवा बसला. शेजारच्या गाडीतून एक लठ्ठसा माणूस बिडी विझवत उतरला. धानोऱ्याचा भिला, भाड्याची गाडी चालवणारा.

"काय भाऊ, तू नही गया का मझार?"

"नाही. मी आत जात नाही."

"मन्ही पार्टी गयी. माले बी चाल म्हणेत. मी म्हणं, मी गाड्या देखीदेखी कटाळना, आते झुला काय देखू?" तो खदाखदा हसला. वाहरू हसला नाही, तेव्हा त्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काबर रे, काय टेन्शन शे?"

"या बस परत येतात का?"

"येतस ना! सकाय पासून देखी ऱ्हायनू मी."

"त्याच बस येतात की दुसऱ्या?"

भिलाने डोकं खाजवलं. "वाघ, हत्ती, मोर. त्याच शेतस."

"बस त्याच. माणसं तीच असतात का?"

भिला थोडा सरकून बसला.

वाहरूने मग स्वतःच पाळत ठेवली. बस यायची, दार उघडायचं, माणसं उतरायची. तो उतरणाऱ्यांची तोंडं बघायचा. टोप्या, फुगे, ओले केस. एका बाईच्या पायात चप्पल नव्हती. ती कुठे गेली असेल? एक म्हातारा उतरताना रडत होता की हसत होता, ते लांबून कळलं नाही. दार बंद व्हायचं, नवे लोक चढायचे, बस निघून जायची. आपलं कुणी त्यात नव्हतं. त्याने कोकिळाला फोन लावला. झुल्यांच्या किंचाळण्यातून तिचा आवाज आला, "मजेत आहोत, ठेवा!" मजेत आहोत, असं तोडीवरून चिठ्ठ्या पाठवणारेही लिहीत.

ऊन कलायला लागलं. भिलाची पार्टी परत आली. जाताना भिला काचेतून म्हणाला, "येतीन रे भाऊ, काळजी नको करू," आणि मैदानात मोकळ्या रेघा वाढत गेल्या.

तेव्हा कोकिळाचा फोन आला.

"आम्ही निघतोय आता. याहाने खाल्लं का काही?"

वाहरूला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "याहा तुमच्याबरोबर आहे."

"आमच्याबरोबर कुठे? पहिल्याच थांब्याला म्हणाली, मी उतरत नाही, तुम्ही जा. मागे तुमच्याकडे जाते म्हणाली." कोकिळाचा आवाज बारीक झाला. "ती तिथे नाही?"

वाहरूने फोन खिशात टाकला की खाली, ते त्याला पुढे आठवलं नाही. तो गाडीत बसला. गाडीचं तोंड घराकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती उलटी वळवावी लागली. चुन्याच्या रेघा ओलांडत तो थेट आत जाणाऱ्या रस्त्यावर गेला आणि आडव्या लाल दांड्यापुढे ब्रेक मारला.

"उचल!"

"काका, गाडी नहीं जायेगी," तो सकाळचाच पोरगा.

"माझी आई आत नेली आहे."

"कौन ले गया?"

"तुमची बस!"

पोरगा घाबरला. त्याने वॉकीटॉकीत काहीतरी गुजरातीत सांगितलं, मग नरमाईने म्हणाला, "काका, बस में बैठो ना. दो मिनट में पहुँचा देगी."

वाहरूने दांड्याकडे पाहिलं. क्रूझरने तो सहज मोडला असता. मग आतल्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं. म्हातारी त्या रस्त्याच्या कडेला गाठोडं घेऊन बसली असेल आणि धूळ उडाली की उठून उभी राहत असेल, असं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने गाडी मागे घेतली आणि तोंड कुठे आहे ते न बघता तशीच वाकडी सोडून दिली.

समोर मोराची बस आली. माणसं उतरली. त्याने कठडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा हात शर्टाच्या आत, किल्लीवर. मग तो चढला.

आत गार होतं. चित्रांमधून येणारा उजेड हिरवा-निळा दिसत होता. अगदी मागच्या बाकावर, खिडकीला चिकटून, मांडीवर गाठोडं आणि अंगावर गोधडी घेऊन ठुमली बसली होती. शेजारी बसमधली तिकीट तपासणारी मुलगी तिच्या हातची भाकरी खात होती.

"माँ है आपकी?" ती मुलगी उठत म्हणाली. "सुबह से उतरती ही नहीं. हम बोल-बोल के थक गये."

वाहरू बाकावर बसला. "याहा! सगळे शोधतायत तुला. सकाळपासून यातच?"

"यातच."

"तिकडे येऊन मला सांगायचं नाही? गाडी तिथेच तर उभी होती."

"दिसायची. दर फेरीला दिसायची. तूही दिसायचास, बसलेला."

"मग उतरली का नाहीस?"

ठुमलीने काचेवरच्या मोराच्या पिसातून, आतून, बाहेर बघितलं. "पोरं आत सोडली होती ना. मी उतरले आणि ही परत गेलीच नाही तर? त्यांना आणायला कोण?" ती थांबली. "दर वेळी गेली. दर वेळी आली. पण पुढच्या वेळेचं कोण सांगतं?"

बस केव्हा सुटली ते वाहरूला कळलंच नव्हतं. मागच्या काचेतून त्याची क्रूझर वाकडी उभी दिसत होती, कुठल्याच दिशेला तोंड नसलेली. ती लहान होत गेली आणि वळणाआड गेली. खिशातला फोन वाजला, तेव्हा त्याने वीरसिंगला आई सापडली म्हणून सांगितलं.

पार्कच्या दारापाशी बस थांबली. खाली कोकिळा, वीरसिंग, सोनम उभे होते. सोनम पायरीपाशी धावत आली. "याहा, तू रेल्वे पाहिलीच नाहीस! शेवटची फेरी आहे, चल ना. एवढीच, डोंगराभोवती!"

ठुमली उठली. मग पुन्हा बसली. नातीकडे बघितलं, मग पोराकडे.

"तू इथेच बस," ती वाहरूला म्हणाली. "या बाकावर. तू आत असलास की ही येईल."

"मी?"

"फेऱ्या मारत राहा. आम्ही येईपर्यंत उतरू नकोस."

वाहरूने मान डोलावली. बसचा ड्रायव्हर आरशातून बघत होता. बाकीचे प्रवासी चुळबुळ करत होते. ठुमली तरीही हलली नाही. तिने हात पुढे केला.

"किल्ली दे."

"किल्ली? तुला कशाला? तू चालवणार आहेस?"

"किल्ली माझ्याकडे असली की तू पण येशील."

खाली दारापाशी वीरसिंग खोकल्यासारखं हसला. वाहरूने शर्ट वर केला. घामाने करदोड्याची गाठ घट्ट बसली होती. ती मुलगी, ड्रायव्हर, सगळी बस थांबून बघत राहिली आणि तो नखांनी गाठ सोडत राहिला. सुटली तशी किल्ली त्याने आईच्या तळव्यावर ठेवली. ठुमलीने ती पदराच्या टोकाला बांधली, ओढून बघितली, आणि सोनमचा हात धरून खाली उतरली.

दार बंद झालं. वाहरू तिच्या जागेवर सरकला, गोधडी जवळ घेतली आणि काचेला डोळा लावला. त्याचा दुसरा हात पोटावर, जिथे काही नव्हतं तिथे, फिरत होता.