देवीदासभाऊंची अडलेली भट्टी

देवीदास ढोमणे यांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसवर झाली. निवृत्त झाले तरी सारं जग त्यांना भट्टीसारखंच दिसे. वसुंधराबाई रागावल्या की ते हळूच म्हणत, "टेम्परेचर वाढलं वाटते." माणूस शब्दाचा पक्का, कोणाला दुखवायला भिणारा. इंग्रजीशी त्यांची ओळख कारखान्याच्या फाटकाच्या आतली. फाटकाबाहेरच्या इंग्रजीपुढे ते पाहुण्यासारखे अवघडून उभे राहत.

त्यांची मुलगी प्राची जवळच दुर्गच्या पद्मनाभपूरला एका डॉक्टरांकडे फिजिओथेरपिस्ट होती. नागपूरचा अंकुर तिला पाहून गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरून होकार आला. प्राचीनं मान खाली घालून "मला चालते" म्हटलं, तेव्हा तिचे कान लाल झाले होते. देवीदासभाऊंनी मात्र "वर्ध्याच्या मोठ्या भावाले विचारून सांगतो" असं कळवलं. ते मोठे भाऊ बाहेरगावी होते, त्यात दिवस गेले. शेवटी त्यांचाही होकार आला. देवीदासभाऊ आता नागपूरला फोन लावणार, तोच अंकुरच्या काकांचा मेसेज आला. धनंजयराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि चार ओळी लिहायच्या तर इंग्रजीतच लिहिणारे. मेसेज एवढाच होता : 'काइंडली डू नॉट हँग फायर.'

"अवं, हे पाय," भाऊ मोबाइल पुढे करत स्वयंपाकघरात आले. "हँग म्हणून राहिले."

"हँग म्हणजे फाशीच नं?" वसुंधराबाईंचं लाटणं थांबलं. "आपण त्याइचं काय केलं?"

"अन् फायर म्हणजे आग."

"आधी फाशी, मग आग? कसे लोक आहेत हो हे!"

पोरीला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. भाऊ शेजारच्या राजकुमारकडे गेले. तो मोबाइल दुरुस्त करतो, त्याला इंग्रजी येत असेल. राजकुमारनं डोकं खाजवलं. "अंकल, हँग मतलब मोबाइल अटक गया. और फायर मतलब नौकरी से निकाल दिया. लड़के की नौकरी तो नहीं गई ना?"

आता आग, फाशी आणि गेलेली नोकरी अशी तिन्ही ओझी डोक्यावर घेऊन भाऊ घरी आले. जेवताना घास हातात तसाच राहिला. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. हँग! हा शब्द तर आपल्या घरचा! भट्टीत वरून टाकलेला माल मध्येच अडकून बसतो, खाली उतरत नाही, त्याला सगळे 'भट्टी हँग झाली' म्हणत. तेव्हा घाई करायची नसते. खालून जोरात मारलेली हवा कमी करायची, आणि थांबायचं. माल आपोआप खाली येतो.

"त्याइच्या घरी काहीतरी अडून राहिलं," ते वसुंधराबाईंना म्हणाले. "आपण जोर केला तर बिघडन. हवा कमी करू. फोन करायचा नाही."

"तुमाले नक्की समजलं नं?"

"भट्टीचं मले नाही समजणार तं कोणाले समजन?"

हवा कमी झाली. नागपूरहूनही काही येईना. प्राची रोज संध्याकाळी येऊन आधी बाबांच्या फोनकडे बघायची, मग चप्पल काढायची. विचारायची नाही. तिचं गुणगुणणं थांबलं, जेवण अर्ध्यावर आलं. भाऊंना वाटे, हवा जरा जास्तच कमी झाली की काय?

एका संध्याकाळी ती समोर येऊन बसली. "बाबा, त्यांनी नाही म्हटलं का? सांगून टाका. मी रडणार नाही." हे म्हणतानाच डोळे भरले होते.

"'नाही' असं कोणी म्हटलं, बेटा?"

"मग तुम्ही फोन कावून नाही करून राहिले?"

"भट्टी हँग आहे," भाऊ म्हणाले आणि मेसेज दाखवला.

प्राचीनं तो वाचला, पुन्हा वाचला. "बाबा! हँग फायर म्हणजे उशीर लावणं. जुन्या बंदुकीत बत्ती दिली तरी कधी कधी बार लवकर उडायचा नाही, त्यावरून म्हणतात. ते म्हणून राहिले, आम्हाला ताटकळत ठेवू नका!"

"आता बंदूक कुठून आली?"

"बंदूक राहू द्या. फोन करा!"

भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून धनंजयरावांचा कोरडा आवाज आला, "बोला."

"आमचा होकार आहे, धनंजयराव. पहिल्यापासूनच होता."

"मग इतके दिवस?"

"भट्टी हँग झाली होती."

"भट्टी? पण तुम्ही तं रिटायर झाले नं?"

"झालो नं."

"मग कोणाची भट्टी?"

धनंजयरावांनी भट्टीचा नाद सोडला. मग म्हणाले, "आम्ही तं तुमचा नकारच समजलो. उद्या अमरावतीले दुसरी मुलगी पाहायले जायचं होतं. अन् आमचा अंकुर सकाळपासून पोट दुखते म्हणून पांघरूण घेऊन पडला आहे."

प्राचीला हसू आवरेना. तिनं बाबांच्या हातातून फोन घेतला. "काका, त्यांना म्हणा, उठा आता."

वसुंधराबाई साखर आणायला आत गेल्या. भाऊ त्यांच्या मागोमाग गेले आणि आवाज खाली करून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण बार वेळेवर उडतच नाही, तं त्याले फायर कावून म्हणतात?"