गोरं करायचं क्रीम

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकामागं एका बाईचं छोटं पार्लर आहे. मी भुवया कोरायला तिथंच जाते. नवीन बाटली आली की ती आधी हुंगते, थेंबभर स्वतःच्या कोपराच्या आत लावून दिवसभर वाट पाहते, मगच गिऱ्हाइकाला लावते. पार्लरात बसूनही तिच्या गालांवर ओढणी असते.

मागच्या महिन्यात मी खुर्चीत बसले असताना एक आई मुलीला घेऊन आली. म्हणाली, "रविवारी पाहुणे येऊन राह्यले. पोरीले ते गोरं करायचं क्रीम लावून द्या."

"ते मी ठेवत नाई, बाई. चामडी जळते."

"काऊन? साऱ्याच पोरी लावतात."

पार्लरवालीनं ओढणी खाली केली. गालांची कातडी पातळ, लाल झाली होती, मधेमधे काळे चट्टे होते. "मीबी लावलं होतं, लग्नाच्या आधी. आता उन्हात निघता येत नाई मले."

आईनं ते गाल नीट निरखले. मग शांतपणे विचारलं, "पण लग्न जुळलं ना तुमचं?"

पार्लरवालीनं ओढणी परत गालांवर घेतली. "जुळलं," म्हणाली.

मायलेकी समोरच्या पार्लरात गेल्या. मुलगी आत शिरेपर्यंत मागं वळून पाहत होती. ही मात्र तिकडं न बघता, दोरा दातात धरून माझ्या भुवईवर वाकली.