दाभणबाईंचं पुस्तक

बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांना सगळे दाभणबाई म्हणायचे. हातात सदा दाभण, आणि जीभही तशीच. बावीस वर्षं घड्या घातल्या, टाके मारले, खळ लावली. पण कटिंग मशीनला बाईने हात लावायचा नाही, हा तिथला नेम. यंत्र जसं काही मिशा बघूनच चालतं!

तिथे एका महिला मासिकाचे जुने अंक बांधायला यायचे. वर्षाचे अंक एकत्र शिवायचे, फाडलेल्या जाहिराती आणि जादा अंक रद्दीत टाकायचे. दाभणबाई ती रद्दी घरी न्यायच्या. गोऱ्या व्हा, बारीक व्हा, नवऱ्याला खूश ठेवा. वाचून वाचून त्यांचं डोकं फिरलं. शेवटी त्यांनी हाताने एक पुस्तकच बांधलं. दुमडलेल्या कागदाच्या एका पानावर मासिकातलं कात्रण, दुसऱ्यावर ओळखीतल्या खऱ्या माणसाचा फोटो. वेल्डिंग करणारी नणंद होती, स्वेटर विणणारा स्वतःचा नवराही होता.

वाचनालयाने ते प्रदर्शनासाठी मागितलं आणि कारखान्याचे मालक धावत त्यांच्याकडे आले. पाहुणे म्हणून मासिकाचे संपादकच येणार होते, आणि पुस्तकात त्यांचा लेख चिकटवलेला: ‘बायकांना यंत्रातलं काय कळतं?’

‘‘बाई, तेवढं पान काढा,’’ मालक म्हणाले. ‘‘नाहीतर सोमवारपासून येऊ नका.’’

दाभणबाईंना संताप आला. बावीस वर्षांची हीच किंमत? त्यांनी चाकू मालकांपुढे सरकवला.

‘‘तुम्हीच काढा. पण एक पान ओढलं की त्याच घडीतलं दुसरं, जोडपानही सुटतं, हे मी तुम्हाला शिकवायला नको.’’

मालकांनी जोडपान उलटून पाहिलं. त्यावर त्यांची आई होती. बाह्या सरसावून कटिंग मशीनचा दांडा ओढत होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तीन वर्षं तिनेच मशीन चालवलं होतं. मालक तेव्हा शाळेत होते.

‘‘हा फोटो कुठे मिळाला?’’

‘‘तुमच्या आईंनीच दिलाय, ट्रंकेतून काढून.’’

चाकूला मालकांनी हात लावला नाही. मग पुटपुटले, ‘‘खाली आईचं नाव नाही घातलंत.’’

‘‘बाहेर पाटीवर ‘वडील आणि मुलगा’ लिहिलंय,’’ दाभणबाई म्हणाल्या, ‘‘तिथे तरी कुठे आहे?’’

त्यांनी पुस्तक उचललं आणि तडक वाचनालयाची वाट धरली.