कुंकू लावलेली डिस्क

कट्टा गावच्या एसटी स्टँडजवळ संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवण्याआधी ते जुनीला कुंकवाचं बोट लावत. "हिका फक्त वाचूची, हिच्यार लिवूचा नाय," असं स्वतःलाच बजावत.

माझी डिस्क कटकट वाजू लागली तेव्हा प्रबंध द्यायला आठच दिवस उरले होते. आमच्या घरात एवढं शिकणारा मी पहिला. प्रबंधाची दुसरी प्रत नव्हती आणि मराठी फॉन्टची सीडी हरवली होती, त्यामुळे विंडोजसकट सगळंच हलवायला हवं होतं.

शेवटचं बटण दाबण्याआधी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "तू शिकलेलो मा? मोठ्यान वाच. खंयसून खंय जाता ता?"

शाळेत धडा वाचावा तसा मी वाचू लागलो आणि थांबलो. कोऱ्या डिस्कवरून जुनीवर, असं पडद्यावर होतं. प्रबंध पुसला गेला असता.

"बघ," ते शांतपणे म्हणाले, "कुंकू लावलंय, तरी बोट चुकता."

त्यांनी दिशा बदलली, मला पुन्हा वाचायला लावलं आणि मगच बटण दाबलं.

संध्याकाळी नव्या डिस्कवर माझी पानं जशीच्या तशी उघडली. ऋणनिर्देशात घालायला मी त्यांचं नाव विचारलं.

"तुका वाचूक सांगूक इसारलंय असतंय, तर माझा नाव छापलं असतस?" असं म्हणून त्यांनी जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "म्हयनोभर हिका पुसू नको."

ऋणनिर्देशात आईवडिलांच्या खाली 'कट्ट्याचे डिस्कवाले' एवढंच आहे.